बी.एस्सी. पहिलं वर्ष: सी घेऊ की पायथन? (शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय)

अपडाऊन
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय. मुख्य विषय अजून पक्का नाही. संख्याशास्त्र की कॉम्प्युटर सायन्स, यात अडकलेय. त्याच्या जोडीला कौशल्याचा एक पेपर निवडायचाय आणि नोटीस बोर्डावर तीन पर्याय लागलेत:

क) सी भाषेतून प्रोग्रॅमिंग (एक क्रेडिट थिअरी, एक प्रॅक्टिकल)
ख) पायथनची ओळख (दोन्ही क्रेडिट प्रॅक्टिकल)
ग) ऑफिस ऑटोमेशन

बारावीला आयटी होतं, म्हणजे एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी. पास झाले, पण निम्मं पाठ करून. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लॅपटॉप नाही, फोनवरच काय ते. कळ्याहून रोज ये-जा करते.

सीनियर म्हणतात पायथन घे, सुटशील. एक सर म्हणतात सी केल्याशिवाय पाया होत नाही. पुण्यातला आतेभाऊ म्हणतो दोन्ही नको, आता एआय सगळं लिहून देतंय. ज्यांनी शिकलंय किंवा शिकवलंय त्यांनी सांगा.

शेवटचा_बाक
ग घे की. वर्ड, एक्सेल येतंयच तुला. आयते मार्क. चारची गाडी गाठायची, घरी जाऊन झोपायचं.

टाकाळा
@शेवटचा_बाक, भावा, तुझं झालं शिक्षण, तिचं होऊ दे.

अपडाऊन, मी टाकाळ्याचा, सध्या हिंजवडीत. नोकरीच्या बाजूनं विचारशील तर पहिली भाषा कुठली होती हे मला आजवर एकाही मुलाखतीत कुणी विचारलं नाही. फ्रेशर्सच्या ऑनलाइन चाचणीत बहुतेक ठिकाणी सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन यातलं काय वापरायचं ते तुम्हीच निवडायचं असतं. प्रश्न असा असतो की अमुक यादीतले दोनदा आलेले आकडे शोधून दाखव. तो सुटला तर पुढं.

मोठमोठ्या ठिकाणीही यावर एकमत नाही. अमेरिकेत एमआयटीनं कित्येक वर्षं पहिला कोर्स स्कीम नावाच्या भाषेत शिकवला आणि २००० च्या दशकाच्या अखेरीस पायथनवर आणला. आपल्याकडं आयआयटी मुंबईच्या सीएस १०१ साठी प्रा. अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लसवर सिम्पलसीपीपी नावाची लायब्ररी केली. पहिल्याच तासाला पोरं पडद्यावर कासव चालवून चौकोन काढतात, पॉइंटरबिंटर असला अवघड भाग नंतर. हार्वर्डच्या सीएस ५० मध्ये स्क्रॅच, मग सी, मग पायथन. तिन्हीकडची पोरं बरीच निघाली म्हणायची.

आतेभावाला माझा नमस्कार सांग. एआयनं लिहिलेलं चुकलंय हे ज्याला कळतं त्याला पगार मिळतो.

उद्यमनगरकर
मी कॉम्प्युटरवाला नव्हे. उद्यमनगरात मशीन शॉप आहे आणि शिरोलीच्या फौंड्र्यांची कामं करतो. पण एक सांगतो. आयटीआयला फिटर ट्रेडला गेलेल्या पोराला पहिल्या दिवशी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, देत नाहीत. हातात फाईल, म्हणजे कानस, देतात आणि लोखंडाचा तुकडा काटकोनात घास म्हणतात. हात दुखतात, पण धातू कळतो. सी म्हणजे ती फाईल. आधी सी कर, मग पायथन आठ दिवसांचं काम.

गुळाची_ढेप
@उद्यमनगरकर काका, आदर आहे, पण फिटरला फाईल देताना त्याला तुकडा तरी नीट देतात. इथं पोरांना फाईल देतात आणि घासायला हवा देतात. सेमिस्टरभर "दोन संख्यांची अदलाबदल करा" आणि "ताऱ्यांचा त्रिकोण काढा". कशासाठी, ते कुणी सांगत नाही.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. आम्हाला आर नावाची भाषा लागते, पायथन लागतं. सी लागलं नाही असं नाही, पण ते फार पुढं, सिम्युलेशन हळू चालायला लागलं तेव्हा. अपडाऊन, तू संख्याशास्त्राकडं वळणार असशील तर पायथनमध्ये पहिल्या महिन्यात स्वतःच्या गावच्या पावसाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढशील. सी मध्ये पहिला महिना स्कॅनएफमध्ये (आकडा वाचून घेणाऱ्या आज्ञेत) अँड चिन्ह विसरलं म्हणून प्रोग्रॅम का आपटला हे शोधण्यात जातो.

उद्यमनगरकर
मग हवा कशाला, खरा तुकडा देतो की. आमच्याकडं बिडाच्या ओतकामात स्पेक्ट्रोमीटरचा रिपोर्ट येतो: कार्बन ३.४०, सिलिकॉन २.१०, फॉस्फरस ०.०६ टक्के. त्यावरून कार्बन इक्विव्हॅलंट काढायचा. सूत्र साधं आहे: सिलिकॉन आणि फॉस्फरसची बेरीज भागिले तीन, त्यात कार्बन मिळवायचा. इथं उत्तर ४.१२. ४.३ ला युटेक्टिक, म्हणजे बीड सगळ्यात कमी तापमानाला वितळतं तो बिंदू. त्याच्या किती खाली आहोत त्यावर बीड कसं वागणार हे ठरतं.

शॉपवर इंटर्नशिपला आलेल्या पोराला म्हटलं, याचा प्रोग्रॅम कर. त्यानं सी मध्ये लिहिला. सूत्र बरोबर होतं, फक्त "भागिले तीन" ऐवजी "एक तृतीयांश गुणिले" असं लिहिलं. उत्तर आलं ३.४०. दुसरा रिपोर्ट टाकला, तरी उत्तर नुसत्या कार्बनाएवढंच. पोरगं चहा प्यायचं विसरलं.

टाकाळा
हा हा, काका, एक नंबर उदाहरण. एक आणि तीन दोन्ही पूर्णांक, त्यामुळं सी मध्ये एक भागिले तीन म्हणजे शून्य. शून्यानं काहीही गुणा, शून्यच. एकच्या पुढं दशांश चिन्ह दिलं असतं तर सुटलं असतं.

गुळाची_ढेप
आणि पायथन ३ मध्ये तेच सूत्र तसंच लिहिलं असतं तर सरळ ४.१२ आलं असतं. माझा मुद्दा काकांनीच सिद्ध केला.

उद्यमनगरकर
तुझा कसला, माझा केला. पोरगं दुपारभर झुंजलं, पण मशीनला पूर्णांक वेगळा आणि अपूर्णांक वेगळा हे आता त्याला जन्मात विसरायचं नाही. पायथनवाल्याला बरोबर उत्तर मिळालं असतं आणि त्यातलं कायसुद्धा कळलं नसतं.

शेवटचा_बाक
दोघांचं एकाच प्रोग्रॅमवरनं भांडण. नाद खुळा.

फळा_डस्टर
बराच वेळ वाचतोय. पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवत आलोय, सीही आणि पायथनही, म्हणून थोडं लांबण लावतो.

वरचा वाद रंगतदार आहे, पण अपडाऊनला फॉर्म भरायचाय आणि ती भाषा निवडत नसून पेपर निवडतेय. तो कुठल्या खोलीत, कुठल्या मशीनवर, किती तास आणि कसे मार्क देऊन शिकवतात यावर सगळं आहे. चांगल्या लॅबमध्ये शिकवलेलं सी हे वाईट लॅबमधल्या पायथनपेक्षा कधीही बरं. उलटही तितकंच खरं.

आधी तास मोज. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तुझ्या नोटिशीप्रमाणं सी च्या पेपरात १५ तास फळ्यासमोर आणि ३० तास मशीनसमोर. पायथनच्या पेपरात ६० तास मशीनसमोर. नवशिक्याला हा फरक भाषेच्या फरकापेक्षा मोठा आहे. अर्थात हे कागदावर. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तिघं बसत असतील तर ६० चे २० होतात, आणि टायपिंग नेहमी एकच जण करतो हे मी पाहत आलोय.

मग लॅबमध्ये जाऊन पडदा बघ. सी च्या लॅबमध्ये निळी खिडकी आणि वर पिवळी अक्षरं दिसली तर ते टर्बो सी, म्हणजे सी लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर. बोरलँड कंपनीनं ते १९८७ मध्ये बाजारात आणलं, त्या काळी उत्तमच होतं. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालतही नाही, डॉसबॉक्स नावाच्या खोळीत घालून चालवावं लागतं. त्यात काय बिघडतं ते दाखवतो. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सगळीकडंच देतात. टर्बो सी मध्ये साध्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या जागेत) ७ चं फॅक्टोरियल ५०४० बरोबर येतं. ८ चं टाकलं की ४०३२० यायच्या जागी उणे २५२१६ येतं. कारण तिथं इंट १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढं त्याला जागाच नाही. हाच प्रोग्रॅम जीसीसी या आजच्या सी कंपायलरवर १२ पर्यंत नीट चालतो आणि १३ ला १९३२०५३५०४ असा आकडा देतो. खरं उत्तर ६२२७०२०८००. हे जास्त घातक, कारण उणे आलं तर पोरगं दचकतं, इथं कुणी दचकत नाही. पायथनला १३ द्या नाहीतर १०० द्या, पूर्ण उत्तर येतं.

आता उद्यमनगरकरांची बाजू घेतो. शिकवणारा जागा असेल तर हे उणे २५२१६ म्हणजे सोनं आहे, त्यावर एक अख्खा तास रंगतो. पण बऱ्याच ठिकाणी "सर, उणे आलंय" म्हटलं की "लाँग कर, पुढं चल" (लाँग म्हणजे जास्त जागेचा पूर्णांक) एवढंच उत्तर मिळतं. मग झुंजण्यातून मिळणारं शहाणपण कुठून यायचं? काकांच्या इंटर्नजवळ काका होते.

शेवटची गोष्ट, परीक्षा. सीनियरना भाषा विचारू नकोस, प्रश्नपत्रिका माग. "सी भाषेचा इतिहास लिहा", "की-वर्डची यादी द्या" असे प्रश्न असतील तर पाठांतर होणार. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कोरा पडदा देऊन लिहायला लावतात की जर्नलमधला पाठ प्रोग्रॅम उतरवायला लावतात, तेही विचार. मी तोंडी परीक्षेत पोराच्याच प्रोग्रॅममधली एक ओळ बदलतो आणि आता काय छापेल ते विचारतो. एआयकडून आणलेला असेल तर तिथंच उघडं पडतं.

अपडाऊन
सर, खूप आभार. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. उद्या लॅब बघून येते.

एक शंका. संख्याशास्त्राऐवजी कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर? मग पायथन घेऊन पस्तावणार नाही ना?

टाकाळा
कॉम्प्युटर मुख्य विषय घेतलास तर त्यात सी किंवा सी प्लस प्लस येतंच का ते अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये बघ. मुख्य विषयातच सी असेल तर कौशल्याच्या पेपरात पुन्हा तेच घेऊन काय मिळणार? आणि मुख्य विषय संख्याशास्त्र झाला तर पायथन थेट कामाला येतं. दोन्ही वाटांनी ख कडंच येतोय आपण.

उद्यमनगरकर
पीडीएफ बघ, पण माझं मत तेच. ज्याला आर्डुइनो, मायक्रोकंट्रोलर, मशीनच्या आतलं काम करायचंय त्यानं सी टाळू नये. आर्डुइनोवर सी प्लस प्लसच चालतं. आमच्या गोकुळ शिरगावकडं असली कामं करणारी पोरं शोधून मिळत नाहीत. सगळ्यांना डेटा सायंटिस्ट व्हायचंय.

गुळाची_ढेप
हे मात्र मान्य काका.

अपडाऊन, इंग्रजीचं फार टेन्शन घेऊ नकोस. की-वर्ड मोजकेच असतात, महिन्याभरात हात बसतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सी चे धडे मराठीत आहेत, सावकाश बोलतात, थांबवून थांबवून करता येतात. आणि एक गंमत बघ. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं. "बेरीज" लिही, "सरासरी" लिही, काही तक्रार करत नाही. वापरणाऱ्यानं मराठी कीबोर्डवर ४२ टाकलं तरी इंट हे फंक्शन त्याचा आकडा करून घेतं. मात्र प्रोग्रॅमच्या ओळीत तू स्वतः देवनागरी ४२ लिहिलंस तर चूक दाखवतं, तिथं इंग्रजी आकडेच लागतात. परीक्षेत हे करू नकोस, घरी कर. प्रोग्रॅम आपला वाटतो.

शेवटचा_बाक
खरं चालतंय की हे! आत्ता केलं. व्हेरिएबलचं नाव "तांबडा" ठेवलंय.

फळा_डस्टर
फोनचं राहिलं. फोनवर पायथनसाठी पायड्रॉइड नावाचं ॲप चालतं, नेट असेल तर गुगल कोलॅबही. शिकण्याला अडत नाही, पण फोनच्या कीबोर्डवर ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा सांभाळणं वैताग आहे आणि पायथनला त्याच जागांवरून कळतं की कुठल्या ओळी लूपच्या आत आहेत. म्हणून लॅबचे तास चुकवू नकोस. लॅबमध्ये थॉनी टाकून मागा. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच केलेला संपादक आहे तो, फुकट आहे, एकेक पायरी चालवून व्हेरिएबलमध्ये काय बदललं ते शेजारी दाखवतो. पायथन ट्युटर नावाची वेबसाइटही तेच करते आणि तिथं सी सुद्धा चालतं.

स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर जायचं झालं तर आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार यांचा "जॉय ऑफ कॉम्प्युटिंग" १२ आठवड्यांचा आहे, अगदी शून्यातून सुरू होतो. चेन्नईच्या माधवन मुकुंद यांचा ८ आठवड्यांचा कोर्स फार सुंदर, पण लवकर चढाला लागतो, तो दुसऱ्या वर्षी कर. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देणार असशील तरच फी. गुणांत २५ टक्के दर आठवड्याच्या गृहपाठाचे, ७५ परीक्षेचे. हे क्रेडिट कॉलेज धरतं का ते आधी ऑफिसात विचार. नियम परवानगी देतो, पण निर्णय कॉलेजचा असतो.

बावड्याचा
एवढी चर्चा एका दोन क्रेडिटच्या पेपरासाठी? आम्ही रांगेत उभं राहिलो, शिपायानं दिला तो फॉर्म भरला.

टाकाळा
आणि मग?

बावड्याचा
मग बँकेत लागलो. 😀

अपडाऊन
आज लॅब बघून आले.

सी ची लॅब तळमजल्यावर. निम्म्या मशीनवर तीच निळी खिडकी, निम्म्यांवर कोडब्लॉक्स, म्हणजे सी चंच नवं सॉफ्टवेअर. मॅडम म्हणाल्या कोडब्लॉक्सवर बसायचं असेल तर लवकर यायचं. एका मशीनवर दोघं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत जर्नलमधलेच प्रोग्रॅम येतात, चिठ्ठी उचलायची, हे सीनियरनं सांगितलं.

पायथनची लॅब वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटर कमी पण बॅचही लहान, एकाला एक. गेल्या वर्षीच्या परीक्षेत एक फाइल दिली होती, तालुक्यांची नावं आणि पाऊस, आणि त्यावर चार प्रश्न. अभ्यासक्रमही पाहिला. कॉम्प्युटर मुख्य विषय घेतला तर दुसऱ्याच सेमिस्टरला सी आहे.

म्हणजे ख. फक्त पायथनची बॅच मंगळवार-गुरुवार चार ते सहा. सहाला सुटून रंकाळा स्टँडवर जायचं म्हणजे घरी पोचायला अंधार होतो. घरी चालणार नाही असं नाही, पण रोज बोलणी.

गुळाची_ढेप
बॅच दोन असतात बहुतेक ठिकाणी. सकाळची कुणाला असते ते विचारलंस का? हॉस्टेलवाल्या मुलींना चार ते सहा चालतं. अदलाबदल करणारी एखादी मिळेल. तोंडी ठरवू नका, दोघींनी मिळून विभागप्रमुखांना अर्ज द्या, नाहीतर हजेरीचा घोळ होतो.

फळा_डस्टर
अर्जात "बसची वेळ" असं स्पष्ट लिही. लाजू नकोस. ये-जा करणाऱ्या मुलींचं कारण आम्ही शिक्षक सहसा नाकारत नाही. आणि फॉर्म शुक्रवारच्या आत, बॅचचं नंतर बघता येतं.

उद्यमनगरकर
पायथन तर पायथन. सुट्टीत शॉपवर ये, आईवडिलांना घेऊन ये. स्पेक्ट्रोमीटरच्या रिपोर्टांच्या एक्सेल फायली साठून पडल्यात, त्यातनं कुठल्या हीटला (भट्टीच्या खेपेला) कार्बन इक्विव्हॅलंट घसरला ते काढून दे. पण एक भागिले तीन किती, हे सी मध्ये एकदा करून बघायचं. ही अट.

अपडाऊन
अट मान्य, काका. 🙏

फॉर्म दिला. सकाळच्या बॅचला एक मुलगी अदलाबदलीला तयार आहे, उद्या अर्ज देतोय.

गाडीत बसल्या बसल्या फोनवर पहिला प्रोग्रॅम केला. तीन विषयांचे मार्क विचारायचे आणि बेरीज सांगायची. ७२, ६५, ८१ टाकले. बेरीज आली ७२६५८१. हे कसं काय?

शेवटचा_बाक
लई भारी. विद्यापीठात पहिली आलीस.

गुळाची_ढेप
इनपुटनं जे येतं ते पायथनला अक्षरं वाटतात, आकडे नाही. त्यामुळं बेरीज म्हणजे नुसतं शेजारी शेजारी चिकटवणं. तिन्ही ठिकाणी इनपुटच्या बाहेरून इंट लाव, कंस नीट बंद कर, परत चालव.

उद्यमनगरकर
बघा. पूर्णांक, अपूर्णांक, अक्षरं. पायथनमध्येसुद्धा सुटका नाही.

अपडाऊन
२१८ आलं!